नीतिमत्ता आयुक्त : अधिकारांआधी नेमणुकीचा प्रश्न

२०२३ च्या मार्चअखेर कॅनडाच्या मंत्रिमंडळाने मार्टिन रिचर्ड यांना सहा महिन्यांसाठी हंगामी नीतिमत्ता आयुक्त नेमले. आधीचे आयुक्त मारिओ दिओं फेब्रुवारीत प्रकृतीच्या कारणावरून पायउतार झाले होते आणि कायम नेमणुकीला वेळ लागणार होता. रिचर्ड त्याच कार्यालयात सुमारे दहा वर्षे वरिष्ठ वकील होत्या. खासदारांनी काय जाहीर करायचे, मंत्र्यांनी कोणत्या निर्णयापासून दूर राहायचे, चौकशी कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे त्यांच्या रोजच्या कामातले होते. अडचण एकच होती. त्या मंत्री डॉमिनिक लेब्लां यांच्या मेहुणी होत्या. लेब्लां हे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांचे जुने कौटुंबिक स्नेही, आणि २०१८ मध्ये याच कार्यालयाने त्यांच्यावर ठपका ठेवला होता. मत्स्योद्योग खाते सांभाळताना पत्नीच्या नातलगाशी संबंध असलेल्या कंपनीच्या बाजूने शिंपल्यांच्या परवान्याचा निर्णय त्यांनी घेतला होता. तीन आठवड्यांत रिचर्ड यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत पद रिकामे राहिले. कायद्याने सारे अधिकार आयुक्ताच्याच नावे दिलेले असल्यामुळे त्या काळात नवी चौकशी उघडणे किंवा जुनी पुरी करणे कुणाच्याच हाती नव्हते.

रिचर्ड यांनी काही गैर केले असे कुणीही दाखवून दिलेले नाही. त्यांच्या पात्रतेबद्दलही वाद नव्हता. तरी त्यांची नेमणूक टिकू शकली नाही, कारण ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांनीच देखरेख करणारी व्यक्ती ठरवली होती. निवडून आलेल्या प्रतिनिधींवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र आयुक्त हवा का, यावर जगात गेली चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. चर्चा बहुतेक वेळा अधिकारांवर येऊन थांबते : त्याला साक्षीदार बोलावता यावेत का, कागदपत्रे मागवता यावीत का, दंड करता यावा का. अनेक देशांचा अनुभव पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, या साऱ्याच्या आधी त्याला नेमतो कोण, किती काळासाठी, कुणाच्या संमतीने आणि तो नसताना त्याच्या खुर्चीत कोण बसतो, हे ठरले पाहिजे. तिथे चूक झाली की कायद्यातले बाकीचे सगळे दात निरुपयोगी ठरतात.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईशी जोडलेली आहे. हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातल्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन सभागृहात त्यांच्या सोयीचे प्रश्न आणि दुरुस्त्या मांडल्याचा आरोप झाला. मुदगल सत्ताधारी काँग्रेसचेच. ८ जून १९५१ रोजी स्वतः नेहरूंनी चौकशी समितीचा ठराव मांडला. टी. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आरोप खरे धरले आणि सप्टेंबरमध्ये मुदगल यांना काढून टाकण्याचा ठराव सभागृहासमोर आला. मतदानाआधीच त्यांनी राजीनामा दिला, तर सभागृहाने त्या राजीनाम्याच्या भाषेलाही अवमान ठरवले. हे उदाहरण अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती : सभागृहाचा नेता आपल्याच पक्षाच्या माणसावर कारवाई करायला तयार आहे. तशी इच्छा नसेल तेव्हा काय, याची सोय तेव्हा केली गेली नाही आणि पुढेही नाही.

राज्यसभेने १९९७ मध्ये देशातली पहिली नीतिमत्ता समिती नेमली. तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. या समितीने सदस्यांसाठी चौदा कलमी आचारसंहिता तयार केली आणि सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याची वाट दाखवली. लोकसभेत २००० मध्ये चंद्रशेखर यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली, तिला नियमावलीत कायमचे स्थान मिळायला २०१५ उजाडले. दोन्ही सभागृहांत रचना एकच : सदस्यांवरच्या तक्रारी सदस्यांनीच तपासायच्या, समितीतली संख्या पक्षांच्या बळानुसार, नेमणूक अध्यक्षांच्या किंवा सभापतींच्या हातात.

या रचनेतून काय होते ते अठरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन प्रकरणांत दिसते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. अकरा जणांची हकालपट्टी झाली, त्यात दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे. जळगाव आणि एरंडोल हे खानदेशातले दोन मतदारसंघ त्या यादीत होते. चित्रफीत दाखवल्यापासून हकालपट्टीपर्यंत अकरा दिवस लागले. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राजा राम पाल खटल्यात बहुमताने निकाल दिला की, सदस्याला काढून टाकण्याचा अधिकार सभागृहाला आहे. दुसरे प्रकरण खासदार महुआ मोइत्रांचे. उद्योगपतीच्या सांगण्यावरून प्रश्न विचारल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, नोव्हेंबरात समितीने ६ विरुद्ध ४ मतांनी अहवाल मंजूर केला. ८ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास सुमारे पाचशे पानांचा अहवाल सभागृहात ठेवला गेला, विरोधकांनी तो वाचायला वेळ मागितला, तो मिळाला नाही आणि त्याच दिवशी आवाजी मतदानाने हकालपट्टी झाली. ज्यांना काढायचे होते त्यांना सभागृहात बोलू दिले गेले नाही. त्यासाठी आधार दिला गेला तो २००५ च्या पायंड्याचा. सहा महिन्यांनी त्यांच्या कृष्णनगर मतदारसंघातल्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवले.

मोइत्रा दोषी होत्या की नव्हत्या, हे मी इथे ठरवू पाहत नाही. मला सलते ते हे की, या सगळ्यानंतरही देशाला त्याचे विश्वासार्ह उत्तर मिळाले नाही. संसदेच्या पोर्टलचा पासवर्ड बाहेरच्या माणसाला देणे ही गंभीर बाब आहे. उद्योगपतीच्या सांगण्यावरून प्रश्न विचारले गेले का, ही त्याहून गंभीर. पण ६ विरुद्ध ४ हा आकडा समोर आला की लोक पुरावा पाहत नाहीत, पक्ष मोजतात. तक्रारदारालाही न्याय मिळाल्याचे समाधान नाही आणि जिच्यावर आरोप झाला तिलाही नाही.

यावर उपाय सुचवलेला नाही असे नाही. वीरप्पा मोइली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जानेवारी २००७ मध्ये आपल्या चौथ्या अहवालात म्हटले होते की, संसदेच्या प्रत्येक सभागृहाने नीतिमत्ता आयुक्ताचे कार्यालय स्थापन करावे. त्याने अध्यक्ष किंवा सभापतींच्या अखत्यारीत राहून समितीला मदत करावी, सदस्यांना सल्ला द्यावा आणि नोंदी ठेवाव्यात. कार्यालय झाले नाही. पण शिफारस जशीच्या तशी अमलात आली असती तरी ती अपुरी पडली असती असे मला वाटते, कारण अध्यक्षांच्या अखत्यारीतला आयुक्त हा अखेर अध्यक्षांचा अधिकारी. कॅनडाने जवळपास हीच चूक दहा वर्षे केली होती.

ती कहाणी तपशिलात पाहण्याजोगी आहे. १९९३ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या जाहीरनाम्यात संसदेला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र नीतिमत्ता सल्लागाराचे आश्वासन होते. सत्तेत आल्यावर पंतप्रधान जॉं क्रेतिएं यांनी १९९४ मध्ये हॉवर्ड विल्सन यांना सल्लागार नेमले, पण ते संसदेला नव्हे, पंतप्रधानांना अहवाल देणार होते. पुढे क्रेतिएं यांच्या मतदारसंघातल्या एका हॉटेलाला सरकारी विकास बँकेने कर्ज दिले. त्यासाठी आपण बँकेच्या अध्यक्षांशी बोललो होतो, हे पंतप्रधानांनी मान्य केले. विल्सन यांनी नियमभंग झाला नसल्याचे सांगितले. ते प्रामाणिकपणे तसे म्हणत असतीलही, पण पंतप्रधानांनी नेमलेल्या आणि पंतप्रधानांनाच अहवाल देणाऱ्या माणसाने पंतप्रधानांना निर्दोष ठरवले, यावर कोण विश्वास ठेवणार? २००१ मध्ये विरोधकांनी लिबरल जाहीरनाम्यातलीच वाक्ये ठराव म्हणून सभागृहात मांडली. लिबरल खासदारांनी ती फेटाळली.

२००४ मध्ये कायदा बदलला आणि मॅकगिल विद्यापीठाचे माजी प्रमुख बर्नार्ड शापिरो पहिले स्वतंत्र आयुक्त झाले. त्यांची कारकीर्द वादळी ठरली. एका चौकशीविषयी वृत्तपत्राशी बोलल्याबद्दल सभागृहाच्या समितीने त्यांच्यावरच अवमानाचा ठपका ठेवला, शिक्षेची शिफारस मात्र केली नाही. २००६ मध्ये लिबरल म्हणून निवडून आलेले डेव्हिड एमर्सन दोन आठवड्यांत कन्झर्व्हेटिव्ह मंत्रिमंडळात गेले, तेव्हा चौकशीला सहकार्य करण्यास पंतप्रधान हार्पर यांचे कार्यालय राजी नव्हते. पक्षांतर आपल्या अंगवळणी पडले आहे, पण तिथे त्यावर नीतिमत्ता आयुक्ताकडे तक्रार होते, एवढे लक्षात घ्यावे. शापिरो यांनी नियमभंग आढळला नसल्याचा निर्वाळा दिला आणि २००७ मध्ये राजीनामा दिला.

त्या वर्षी लागू झालेल्या कायद्याने आयुक्ताची निवड बांधून टाकली. तो माजी न्यायाधीश असावा, किंवा न्यायाधिकरणावर वा आयोगावर काम केलेला या क्षेत्रातला जाणकार. मुदत सात वर्षांची. नेमणुकीआधी सर्व मान्यताप्राप्त पक्षांच्या नेत्यांशी सल्लामसलत आणि सभागृहाचा ठराव. काढायचे तर सबळ कारण आणि पुन्हा सभागृहाचा ठराव. कागदावर हे चोख दिसते. फटी दोन राहिल्या. मुदत वाढवता येते, आणि पद रिकामे झाले तर सहा महिन्यांचा हंगामी आयुक्त मंत्रिमंडळ एकट्याने नेमू शकते.

या दोन्ही फटी मेरी डॉसन यांच्या वेळी उघड झाल्या. २००७ मध्ये नेमलेल्या डॉसन यांची सात वर्षे २०१४ मध्ये संपली. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि नंतर सहा-सहा महिन्यांच्या हंगामी नेमणुका. नेमक्या त्याच काळात, २०१६ च्या नाताळात, ट्रुडो कुटुंब आगाखान यांच्या बहामातल्या खासगी बेटावर सुट्टीला गेले आणि डॉसन यांच्यापुढे पंतप्रधानांविरुद्धची चौकशी आली. म्हणजे पंतप्रधानांची चौकशी करणाऱ्या आयुक्ताची नोकरी दर सहा महिन्यांनी त्याच सरकारच्या सहीवर अवलंबून होती. ट्रुडो यांनी आयुक्ताच्या नेमणुकीपासून स्वतःला बाजूला ठेवले आणि डॉसन बधल्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी पंतप्रधानांनी कायद्याची अनेक कलमे मोडल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. कॅनडाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. पण एका बाईंच्या ताठ कण्यावर हे निभावले. व्यवस्थेने त्यांना कोणताच आधार दिला नव्हता.

ब्रिटनचा धडा वेगळ्या बाजूने येतो. १९९४ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचे प्रकरण तिथेही गाजले, नोलन समिती बसली आणि १९९५ मध्ये संसदीय आचरण आयुक्ताचे पद निर्माण झाले. पहिले आयुक्त सर गॉर्डन डाऊनी हे माजी महालेखापरीक्षक. १९९९ मध्ये आलेल्या एलिझाबेथ फिल्किन यांनी पीटर मँडलसन, कीथ वाझ, जॉन रीड अशा सत्ताधारी पक्षातल्या वजनदार मंडळींच्या चौकशा केल्या. त्यांना कुणी काढले नाही. त्यांची तीन वर्षांची मुदत संपत आली तेव्हा सभागृहाच्या आयोगाने ती आपोआप वाढवायचे नाकारले, हवे तर पुन्हा अर्ज करा असे कळवले, आणि पदाचे काम आठवड्याला चार दिवसांवरून तीन दिवसांवर आणले. फिल्किन यांनी अर्ज केला नाही. आपल्याविरुद्ध कुजबूज मोहीम चालवली गेल्याचे त्यांनी अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे म्हटले. आयुक्ताला नमवण्यासाठी बडतर्फीची गरज पडत नाही, नूतनीकरण हातात असले की पुरते. यातून ब्रिटनने शहाणपण घेतले. नंतर मुदत पाच वर्षांची आणि एकदाच, पुन्हा नेमणूक नाही. ज्याला पुन्हा काही मिळवायचे नाही त्याला खूश करायला कुणी नसते.

त्याच नियमाखाली आलेल्या कॅथरिन स्टोन यांची कसोटी २०२१ मध्ये लागली. कन्झर्व्हेटिव्ह खासदार ओवेन पॅटरसन दोन कंपन्यांकडून वर्षाला लाखभर पौंडांहून अधिक मानधन घेत होते आणि त्याच कंपन्यांसाठी सरकारी यंत्रणांकडे शब्द टाकत होते, असे स्टोन यांनी शोधून काढले. समितीने तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली. ३ नोव्हेंबरला सत्ताधारी पक्षाने व्हीप काढून ती शिफारस रोखली आणि चौकशीची पद्धतच बदलायला नवी समिती बसवण्याचा ठराव २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर करून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मंत्र्याने स्टोन यांनी पदावर राहावे का याचा विचार करावा असे सुचवले. नंतर त्याला माफी मागावी लागली. त्याच दिवशी सरकारने माघार घेतली, पॅटरसन यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरातल्या पोटनिवडणुकीत ती सुरक्षित जागा पक्षाने गमावली. स्टोन आपली मुदत पूर्ण करून गेल्या. बहुमताने चौकशीचा निष्कर्ष अडवता आला, पण तो अहवाल आधीच छापून सर्वांच्या हाती पडला होता. त्यामुळे सभागृहाने काय केले हे मतदारांना पडताळता आले.

अमेरिकेने २००८ मध्ये प्रतिनिधिगृहासाठी वेगळे कार्यालय काढले. त्याच्या मंडळावर दोन्ही पक्षांचे नेते परस्परसंमतीने सदस्य नेमतात, विद्यमान सदस्य आणि लॉबीवाले वर्ज्य. पण ते कायद्याने नव्हे तर सभागृहाच्या नियमांनी उभे आहे आणि दर दोन वर्षांनी नवे सभागृह नियम नव्याने मंजूर करते. जानेवारी २०१७ मध्ये बहुमतातल्या पक्षाने बंद दाराआड त्याचे पंख छाटायचे ठरवले, जनक्षोभामुळे दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले.

आता मूळ प्रश्न : संमती कुणाची? आपल्याकडे पदांच्या निवडीसाठी समित्यांचा प्रयोग बराच झाला आहे आणि त्याचा अनुभव फारसा सुखद नाही. केंद्रीय दक्षता आयुक्तपदी पी. जे. थॉमस यांची नेमणूक २०१० मध्ये तीन जणांच्या समितीने २ विरुद्ध १ अशी केली. विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी हरकत नोंदवली होती. ३ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. लोकपाल कायदा २०१४ च्या जानेवारीत लागू झाला, पण त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच उरला नाही. काँग्रेसच्या मल्लिकार्जुन खर्गे यांना विशेष निमंत्रित म्हणून बोलावले गेले, मताचा अधिकार नसल्याने ते गेले नाहीत, आणि पहिला लोकपाल मिळायला मार्च २०१९ उजाडला. निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीतून २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांना वगळून तिथे एक केंद्रीय मंत्री आणला. तिन्ही ठिकाणी विरोधी पक्षाला खुर्ची दिली गेली, पण त्याच्या नकाराला किंमत दिली गेली नाही. सल्लामसलत आणि संमती यांतले अंतर इथे आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आयुक्ताच्या नेमणुकीला विधिमंडळाच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. तिथल्या या पदाची सुरुवातच जरब बसवणारी होती. मुख्यमंत्री बिल व्हँडर झाल्म यांनी आपल्या मालकीच्या फँटसी गार्डन्स या उद्यानाच्या विक्रीबद्दल तपास करायला हंगामी आयुक्त टेड ह्यूज यांना स्वतःच सांगितले. एप्रिल १९९१ मध्ये अहवाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे तिथलेच आयुक्त पॉल फ्रेझर यांनी, आपल्या मुलाचे मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क यांच्याशी निकटचे संबंध असल्याने, क्लार्क यांच्यावरची तक्रार दुसऱ्या प्रदेशाच्या आयुक्ताकडे सोपवली. दोन-तृतीयांशाचा नियम अनेक ठिकाणी आदर्श म्हणून सांगितला जातो.

महाराष्ट्रात मात्र तो उपयोगाचा नाही, आणि हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. विधानसभेच्या २८८ जागांचे दोन-तृतीयांश म्हणजे १९२. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी महायुतीतल्या तीन प्रमुख पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. म्हणजे इथे दोन-तृतीयांशाच्या अटीने सत्ताधाऱ्यांना कुणालाही विचारावे लागणार नाही. शिवाय विरोधकांतल्या एकाही पक्षाला एक-दशांश जागा मिळाल्या नाहीत, त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदाच्या मान्यतेचाच प्रश्न उभा राहिला. ज्या नियमात विरोधी पक्षनेत्याचा उल्लेख आहे, तो अशा वेळी रिकाम्या खुर्चीला संमती विचारत राहतो. म्हणून टक्केवारीच्या मागे न लागता विरोधकांची संमती वेगळी मोजली पाहिजे. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत आचारनीती अधिकाऱ्याचे नाव अध्यक्ष सुचवतात, पण त्यासाठी किमान एका विरोधी गटाच्या प्रमुखाची मान्यता लागते, आणि मग कार्यकारी मंडळाचे तीन-पंचमांश मत. आपल्याकडे त्याहून सोपे करता येईल : सभागृहाचा ठराव मंजूर व्हायला सत्तापक्षाबाहेरच्या सदस्यांपैकीही निम्म्यांहून अधिक मते त्याच्या बाजूने हवीत. विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वात मोठ्या पक्षाचा गटनेता त्याच्या जागी धरावा. ही तरतूद निवडणूक आयुक्तांच्या कायद्यात आहेच.

यात अडवणुकीची भीती आहे हे मान्य. दोन्ही बाजूंचे जमले नाही तर लोकपालासारखे पद वर्षानुवर्षे रिकामे राहील. म्हणून निवड मुदत संपण्याआधी सहा महिने सुरू व्हावी, नवा येईपर्यंत जुन्याने काम सांभाळावे, आणि मृत्यू वा राजीनाम्यामुळे जागा रिकामी झालीच तर कार्यालयातल्या उपायुक्ताकडे अधिकार आपोआप जावेत. त्या उपायुक्ताची निवडही आधीच, त्याच दुहेरी संमतीने झालेली असावी. मंत्रिमंडळाच्या हाती हंगामी नेमणूक अजिबात नको. कॅनडाने २०२३ मध्ये रिचर्ड यांच्यानंतर कॉनराड फॉन फिंकेनस्टाइन या माजी न्यायाधीशांना आणले, तेही आधी हंगामी म्हणूनच. पुढच्या वर्षी त्यांना कायम केले. निवड चांगली होती. पण हंगामी असतानाच्या सहा महिन्यांत कायम व्हायची वाट पाहणारा आयुक्त कोणत्या स्थितीत असतो, याचा विचार त्या कायद्याने केलेला नाही.

माणूस कसा असावा याविषयी आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते : निवृत्त न्यायमूर्ती. मला ते पुरेसे वाटत नाही. ब्रिटनने लेखापरीक्षक, कर खात्यातल्या तक्रारींच्या निवाडा अधिकारी, चर्चच्या महासभेचे सचिव, संसदेसाठी विधेयकांचे मसुदे लिहिणारा वकील अशी वेगवेगळ्या कामांतली माणसे या पदावर आणली, आणि तीही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मुलाखती घेऊन. न्यायाधीश वाद समोर आल्यावर निवाडा देतो. या आयुक्ताचे बहुतेक काम वाद होऊच नये यासाठीचे असते.

ते काम म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या आमदाराच्या जागेवरून पाहू. समजा, एखादा आमदार साखर कारखान्याचा अध्यक्ष आहे, त्याच्या पत्नीच्या नावावर शिक्षणसंस्था आहे आणि भाऊ जिल्हा बँकेचा संचालक. अशी उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यात बेकायदा काहीच नाही. सहकारातून राजकारणात येणे ही आपली जुनी वाट आहे. आता कारखान्यांच्या कर्जाला सरकारने थकहमी द्यावी असा विषय सभागृहात येतो, किंवा ज्या समितीवर हा आमदार आहे तिथे विनाअनुदानित महाविद्यालयांच्या अनुदानाची चर्चा निघते. त्याने बोलावे का? आपला संबंध आधी सांगून बोलावे का? मत द्यावे का? त्याला प्रामाणिकपणे वागायचे असले तरी आज विचारायला कुणी नाही. लोकसभेच्या नियमावलीत थेट आर्थिक हितसंबंध असलेल्या सदस्याच्या मताला हरकत घेता येते, पण ती मत दिल्यानंतर आणि दुसऱ्या सदस्याने घेतली तर. आयुक्ताला हा आमदार आदल्या दिवशी गोपनीय पत्र लिहू शकेल आणि त्याला लेखी उत्तर मिळेल : संबंध जाहीर करा, चर्चेत बोला, मतदानाला थांबू नका. त्याने सल्ला पाळला असेल तर नंतर त्याच्यावर झालेली तक्रार टिकणार नाही. कॅनडात खासदाराला २०० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची भेटवस्तू जाहीर करावी लागते, ब्रिटनमध्ये ३०० पौंडांहून अधिक किमतीची भेट २८ दिवसांत नोंदवावी लागते. या आकड्यांपेक्षा मोलाची गोष्ट ही की, शंका असेल तिथे सदस्य आधी विचारतो. चांगल्या वृत्तीच्या आमदाराचे हे कार्यालय सर्वांत मोठे संरक्षण ठरेल, असे मला मनापासून वाटते.

लोकपाल, लोकायुक्त असताना आणखी एक पद कशाला, असा प्रश्न रास्त आहे. त्यांचा विषय भ्रष्टाचार, म्हणजे गुन्हा. थकहमीवर मत देणारा आमदार गुन्हेगार नसतो. त्याशिवाय लोकायुक्तांचा अनुभवही सांगून जातो. महाराष्ट्राचा कायदा १९७१ चा, देशातल्या पहिल्यांपैकी. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात मुख्यमंत्री कक्षेत आले, पण त्यांच्याविरुद्ध चौकशीला विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची पूर्वमंजुरी ठेवली गेली. आजचे संख्याबळ पाहता ती अट काय करते हे वर सांगितलेच आहे. गोव्यात लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा २०२० मध्ये निवृत्त होताना म्हणाले की, आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. नंतर गोव्याने कायदा बदलला तो लोकायुक्तपदाची पात्रता शिथिल करण्यासाठी.

सभागृहाच्या सार्वभौमत्वाला धक्का बसेल, निवडून न आलेला माणूस निवडून आलेल्यांना शिकवेल, ही हरकत मी हलक्यात घेत नाही. आमदाराला काढण्याचा अधिकार सभागृहाकडेच राहिला पाहिजे. आयुक्ताने फक्त काय घडले ते शोधावे, कारणांसह लिहावे आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर आणि जनतेसमोर एकाच दिवशी जाईल अशी तरतूद असावी. शिक्षा द्यायची की नाही यावर सभागृहाने मत द्यावे, पण अहवाल वाचायला किमान आठवडा, आणि ज्याच्यावर ठपका आहे त्याला सभागृहात उभे राहून बोलायची मुभा हवी. तक्रारींचा राजकीय वापर होतोच, कॅनडात तर अधिवेशनागणिक होतो. त्याला औषध एकच : आयुक्ताला तक्रार प्राथमिक टप्प्यावर कारण देऊन फेटाळता यावी आणि ते कारण प्रसिद्ध व्हावे.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली. त्यानंतर विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी सदस्यांच्या वर्तनासाठी नीतिमूल्य समिती नेमण्याचा मनोदय सभागृहात बोलून दाखवला. समिती आली तरी ती सदस्यांची, सदस्यांसाठीच असेल आणि ६ विरुद्ध ४ ची गणिते तिच्यातही असतील. पण या निमित्ताने आयुक्ताचे पद निर्माण करता येईल, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम २०८ ने विधिमंडळाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. हितसंबंधांची नोंदवही, आयुक्ताची दुहेरी संमतीने निवड, पाच वर्षांची एकच मुदत, अहवाल पटलावर ठेवण्याची मुदत, हे सारे नियम समितीच्या शिफारशीवर सभागृह करू शकते. साक्षीदारांना बोलावण्याचे अधिकार आणि कार्यालयाचा पैसा यांसाठी मात्र छोटा कायदा लागेल, कारण हा खर्च दरवर्षी मताला टाकण्याऐवजी लोकसेवा आयोगाच्या खर्चाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असला पाहिजे. फिल्किन यांच्या आठवड्यातला एक दिवस ज्यांनी कापला त्यांना त्यासाठी कोणताही नियम मोडावा लागला नव्हता. पहिल्या वर्षी आयुक्ताने फक्त नोंदवही उघडावी आणि आमदारांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. तक्रारी दुसऱ्या वर्षापासून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक आमदाराला आपले संबंध नोंदवायला आणि नियम समजून घ्यायला पुरेसा अवधी मिळालेला असेल.